तांदूळ-पोह्यांची परदेशवारी : कीडही नको, अवशेषही नको

दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील मोहन नगर वस्तीत राहणारे एक सेवानिवृत्त मराठी गृहस्थ गेल्या हिवाळ्यात भ्रमणध्वनीवरील एक छायाचित्र दाखवण्यासाठी भेटीस आले. त्यांचा भाचा आयर्लंडमधील एका लहान शहरात किराणा दुकान चालवतो. तांदूळ, पोहे, डाळी, रवा, पापड असा भारतीय स्वयंपाकघरातील नित्याचा माल तो विकतो. छायाचित्रात अर्धा किलो पोह्यांचे बंद पाकीट होते आणि त्याच्या तळाशी तीन-चार मिलिमीटर लांबीचे तांबूस किडे जमले होते. ग्राहकाने पाकीट परत आणून दिले. दुकानदाराला त्या खेपेची सर्व पाकिटे मांडणीवरून उतरवावी लागली. मामांचा प्रश्न साधा होता : "हा किडा तिकडचा की आपल्याकडचा?"

या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दडलेला होता. घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेण्याऐवजी छत्तीसगडमधील शेतकरी गटाकडून थेट पोहे व सुगंधी तांदूळ मागवावा, असा त्या भाच्याचा विचार होता. मामांनी ओळखीच्या एका गटाशी बोलणीही केली होती. आता मात्र दोन्ही बाजू कचरत होत्या. अशी बोलणी आज अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या करीत आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर कीटकशास्त्राच्या अंगाने सविस्तर देणे उपयुक्त ठरेल. सार सांगावयाचे तर, दूरच्या व लहान बाजारपेठेत किडीला वाढण्यास भरपूर वेळ मिळतो आणि रासायनिक औषधाने तिचा बंदोबस्त करण्याचे मार्ग मात्र युरोपने जवळजवळ बंद केले आहेत. त्यामुळे तेथे पोहोचणाऱ्या पाकिटाचे भवितव्य आपल्या शेतात, खळ्यावर आणि गोदामातच ठरते.

लहान बाजारपेठेची अडचण

आयर्लंडची लोकसंख्या ५० लाखांहून थोडी अधिक, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या महानगराएवढीही नाही. २०२२ च्या जनगणनेत तेथे ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिकांची नोंद झाली. मराठी माणसाला हा देश अपरिचित नाही. २०१७ मध्ये तेथील पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील वराड. तरीही बाजारपेठ म्हणून पाहिले तर ती छोटीच आहे, आणि छोट्या बाजारपेठेचे नियम मोठ्या बाजारपेठेपेक्षा निराळे असतात.

वीस फुटी कंटेनरमध्ये वीस टनांहून अधिक तांदूळ मावतो. लहान शहरातील एका दुकानाला एवढा तांदूळ विकण्यास फार मोठा काळ लागेल. म्हणून असा दुकानदार किंवा त्याचा आयातदार मिश्र कंटेनर मागवतो : थोडा तांदूळ, थोडे पोहे, डाळी, पीठ, मसाले, लोणची. यातून तीन अडचणी उद्भवतात. पहिली, एका मालातील कीड प्रवासात दुसऱ्या मालात शिरते. दुसरी, एका पदार्थाचा नमुना प्रयोगशाळेत अडकला तर संपूर्ण कंटेनर बंदरात थांबू शकतो आणि जागेचे भाडे दररोज वाढत राहते. तिसरी आणि कीटकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अडचण अशी की, माल सावकाश खपतो. लंडन किंवा हॅम्बुर्गमधील मोठ्या दुकानात पंधरवड्यात संपणारे पोहे येथे मांडणीवर चार-सहा महिने राहू शकतात.

पूर्वी आयर्लंडमधील दुकानदारांना ब्रिटनमधील घाऊक व्यापाऱ्यांकडून थोडाथोडा माल आणणे सोपे होते. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या एकल बाजारपेठेबाहेर गेला आणि तिकडून येणाऱ्या मालालाही आयातीची कागदपत्रे व तपासणी लागू झाली. थेट भारतातून किंवा नेदरलँड्स, जर्मनी यांसारख्या संघातील देशांमधून माल आणण्याकडे लक्ष वळण्यामागे हेही एक कारण आहे. युरोपीय संघाच्या एका देशात रीतसर आयात झालेला माल संघातील इतर देशांत पुन्हा सीमाशुल्क न भरता जाऊ शकतो.

भारताच्या बाजूनेही धोरणाचा धक्का बसू शकतो. २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली आणि ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा खुली झाली. ज्या लहान आयातदाराचा व्यवसाय एकाच पदार्थावर उभा असेल, त्याला असे चौदा महिने निभावणे कठीण जाते. पोहे, डाळी, तांदूळ अशी विविधता ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

किडीचे वेळापत्रक

साठवणुकीतील किडीला तीन गोष्टी हव्या असतात : ऊब, थोडा ओलावा आणि वेळ. न्हावा शेवा येथून सुएझ कालव्यामार्गे उत्तर युरोपातील बंदरात पोहोचण्यास जहाजाला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाण्याचा मार्ग धरला; त्यामुळे प्रवास आणखी दहा दिवस ते दोन आठवड्यांनी लांबला. आता किडीचा कालावधी पाहावा. तांदळातील सोंडकिड्याला २७ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ होण्यास साधारण एक महिना ते पाच आठवडे लागतात. पिठातील तांबड्या भुंगेऱ्याला अनुकूल उबेत सुमारे महिना पुरतो. अख्ख्या कडधान्यातील भुंगेरा तर तीन ते चार आठवड्यांत पिढी पूर्ण करतो. याचा अर्थ, भरतेवेळी मालात केवळ अंडी असतील तर उतरवतेवेळी त्यांतून प्रौढ किडे बाहेर पडलेले असतात. माल भरताना "डोळ्यांना काही दिसले नाही" ही नोंद खरी असूनही निरुपयोगी ठरते.

सोंडकिड्याची मादी दाण्याला सोंडेने भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक चिकट स्रावाने बुजवते. अळी व कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पूर्ण होतात. चाळणी, पंखा किंवा नजर यांपैकी कशानेही अशी आतली कीड सापडत नाही. कडधान्यातील भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव शेतातच सुरू होतो. पक्व शेंगांवर मादी अंडी घालते आणि कीड धान्याबरोबर घरी येते. डाळ भरडल्यावर मात्र या भुंगेऱ्याची वाढ फार कमी होते. म्हणून अख्खे मूग, चवळी किंवा हरभरा पाठवताना डाळीपेक्षा अधिक काळजी घ्यावी लागते.

पोह्यांची गोष्ट वेगळी आहे. भात भिजवणे, भाजणे आणि चपटे करणे या प्रक्रियेत दाण्यातील बहुतेक कीड उष्णतेने व दाबाने मरते. छत्तीसगडमधील भाटापारा हे पोह्यांच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील प्रक्रिया पाहिलेल्यांना हे सहज पटेल. त्यामुळे पोह्यांत आढळणारी कीड बहुधा प्रक्रियेनंतर शिरलेली असते : गिरणीतील फटींमधून, साठलेल्या भुशातून, जुन्या पोत्यांमधून किंवा पाकिटाच्या सैल शिवणीतून.

खापरा भुंगेऱ्याचा उल्लेख स्वतंत्रपणे करावयास हवा. त्याच्या केसाळ अळ्या प्रतिकूल काळात सुप्तावस्थेत जातात आणि अन्नाशिवाय भिंतीच्या किंवा पोत्याच्या फटीत वर्षानुवर्षे तग धरतात. अतिशय कोरड्या धान्यातही ही कीड जगते. युरोप व भूमध्य प्रदेशाच्या वनस्पती संरक्षण संघटनेने तिचा समावेश क्वारंटाईन किडींच्या यादीत केला आहे. अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत तर तिची एक अळीही गंभीर घटना मानली जाते. गोदामात खापरा आढळल्यास तेथील माल निर्यातीसाठी विचारात घेऊ नये.

पाकीट काय सांगते?

आता मामांच्या प्रश्नाकडे वळू. किड्याचे जवळून काढलेले दुसरे छायाचित्र मागवले. त्याच्या मिशांची शेवटची तीन खंडे एकदम जाड होऊन गदेसारखी दिसत होती. म्हणजे तो पिठातील तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम. त्याच्याशी फसगत होण्याइतके साम्य असलेल्या ट्रायबोलियम कन्फ्यूजम या भुंगेऱ्याच्या मिशा टोकाकडे हळूहळू जाड होत जातात आणि तो थंड हवामानात अधिक आढळतो. तांबडा भुंगेरा उष्ण प्रदेशांचा. परंतु आज तो युरोपातील उबदार इमारतींतही आढळत असल्याने केवळ जातीवरून तो "आपल्याकडचा" असा निष्कर्ष काढता येत नाही.

पाकिटाची तपासणी अधिक माहिती देते. किडींचे ढोबळ दोन वर्ग पडतात : वेष्टन पोखरणाऱ्या आणि असलेल्या फटीतून शिरणाऱ्या. दाणे पोखरणारा लहान भुंगेरा किंवा तांदळावरील पतंगाची अळी पातळ प्लास्टिकला भोक पाडू शकते. तांबडा भुंगेरा सहसा भोक पाडत नाही, तो सैल जोड शोधतो. भोक असल्यास भिंगाखाली पाहावे. ज्या बाजूने किड्याने कुरतडण्यास सुरुवात केली, त्या बाजूस ओरखडे दिसतात आणि भोक रुंद असते. ओरखडे आतून असतील तर कीड पाकिटातच होती. बाहेरून असतील तर ती गोदामात किंवा दुकानात चिकटली. मोहन नगरला आलेल्या छायाचित्रातील पाकिटाला भोक नव्हते, मात्र वरच्या जोडाला एक घडी पडून बारीक फट राहिली होती. कीड भरतेवेळीच आत होती की नंतर फटीतून शिरली, हे त्यावरून ठरवता येत नव्हते. नुकसान मात्र सर्वस्वी दुकानदाराचे झाले. अशा वेळी लहान दुकानदार तक्रारीच्या मागे लागत नाही. तो पुढची मागणी दुसरीकडे नोंदवतो.

औषधाचा सोपा मार्ग का बंद झाला?

कीड मारण्यास औषध आहे, मग अडचण कोठे आहे, असा प्रश्न प्रशिक्षणांत नेहमी विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर चार घटनांत मिळते.

मिथिल ब्रोमाइड हा अनेक दशके वापरला गेलेला, झपाट्याने काम करणारा धुरीचा वायू. ओझोन थराला हानी पोहोचवणारा म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा वापर घटवण्यात आला. क्वारंटाईनसाठी करारात सवलत असतानाही युरोपीय संघाने १८ मार्च २०१० पासून आपल्या हद्दीत त्याचा सर्व वापर थांबवला.

दुसरी घटना तांदळाची. भातावरील करपा रोगासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लॅझोल या बुरशीनाशकाची तांदळातील कमाल अवशेष मर्यादा युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे किती? १०० टन तांदळात मिळून एक ग्रॅम. पोटरीच्या किंवा लोंबीच्या अवस्थेतील एक उशिराची फवारणी ही मर्यादा ओलांडण्यास पुरेशी ठरू शकते.

तिसरी घटना क्लोरपायरीफॉसची. जानेवारी २०२० मध्ये युरोपीय संघाने या कीटकनाशकाची मान्यता संपवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून त्याची अवशेष मर्यादाही ०.०१ मिलिग्रॅमवर आली. ज्या औषधाला तेथे मान्यता नाही किंवा स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला साधारणतः हाच आकडा लागू होतो.

चौथी घटना तिळाची आणि ती सर्वांत बोलकी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचे अवशेष आढळल्याची सूचना दिली. हा वायू साल्मोनेला जिवाणू नष्ट करण्यासाठी वापरला जातो. युरोपात अन्नासाठी त्यास मनाई आहे. तिळासाठी मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम असताना त्याहून कितीतरी अधिक अवशेष सापडत गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये युरोपीय आयोगाने भारतीय तिळाच्या निम्म्या खेपांची सीमेवर तपासणी बंधनकारक केली. तीळ घातलेला पाव, बिस्किटे व इतर असंख्य पदार्थ अनेक देशांतील दुकानांतून परत बोलावले गेले. मालाचा एक दोष झाकण्यासाठी योजलेला उपाय स्वतःच मोठा दोष ठरला.

युरोपातील शीघ्र सूचना यंत्रणेमुळे एका देशाला आढळलेला दोष सर्व सदस्य देशांना तत्काळ कळतो. वारंवार दोष आढळलेल्या पदार्थांची वाढीव तपासणीची यादी साधारण दर सहा महिन्यांनी सुधारली जाते. तीळ, शेंगदाणे, मिरची, कढीपत्ता अशा भारतीय पदार्थांची नावे त्या यादीत आलेली आहेत. माल पाठवण्यापूर्वी चालू यादी पाहणे आवश्यक आहे.

महाराष्ट्राने शिकलेले दोन धडे

२०१० च्या हंगामात नाशिक भागातील द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडल्याने युरोपात खेपा अडकल्या आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर ग्रेपनेटखालील बागांची नोंदणी, पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या मार्गदर्शनाखालील अवशेष तपासणी आणि फवारणीच्या नोंदी यांना अधिक काटेकोर रूप आले. आज द्राक्षाची पेटी कोणत्या बागेतून आली, हे युरोपात बसून सांगता येते.

दुसरा धडा हापूसचा. फळमाशी व इतर किडी आढळल्याने १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यासह वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात थांबवली. आंब्यावरील बंदी पुढील वर्षाच्या प्रारंभी उठली. त्यामागे तपासणीची सुधारलेली व्यवस्था होती आणि उष्णजल प्रक्रियेसारखे, कीड मारूनही अवशेष न ठेवणारे उपाय होते. पहिला धडा अवशेषांचा, दुसरा किडीचा. कोरड्या किराणा मालाला हे दोन्ही धडे एकाच वेळी लागू पडतात.

शेतापासून कंटेनरपर्यंत : काय करावे?

१. करार आधी, फवारणी नंतर. निर्यातीचा भात कोणत्या शेतांतून घ्यावयाचा, हे पेरणीपूर्वी ठरवावे. प्रत्येक शेताची फवारणी नोंदवही ठेवावी : औषध, मात्रा, तारीख, काढणीची तारीख. पंजाब सरकारने २०२२ पासून बासमतीवर वापरल्या जाणाऱ्या १० कीटकनाशक-बुरशीनाशकांच्या विक्री व वापरावर हंगामात ६० दिवसांची बंदी घातली. त्यांत ट्रायसायक्लॅझोल, क्लोरपायरीफॉस, बुप्रोफेझिन, अॅसिफेट, कार्बेन्डाझिम यांचा समावेश होता. निर्यातीचा विचार करणाऱ्या गटाने अशीच यादी स्वतःवर लागू करावी. भारतात लेबल क्लेम असलेले औषध युरोपात चालतेच असे नाही.

२. औषधाची गरजच कमी करावी. नत्राची मात्रा विभागून द्यावी. जादा नत्रामुळे करपा व तपकिरी तुडतुडे दोन्ही वाढतात. रोवणी करताना दर दोन-तीन मीटरवर सुमारे ३० सेंटिमीटरचा मोकळा पट्टा ठेवावा. खोडकिड्यासाठी कामगंध सापळे व ट्रायकोग्रामा जापोनिकम या परोपजीवी कीटकाची कार्डे वापरावीत. आर्थिक नुकसानीची पातळी न पाहता केलेली प्रत्येक फवारणी निर्यातीच्या मुळावर येते.

३. वाळवणी. साठवणुकीसाठी तांदळातील ओलावा १२ ते १३ टक्क्यांच्या पुढे नसावा. ओलावामापकाने मोजूनच तो नोंदवावा. ओला माल किडीबरोबर बुरशीलाही आमंत्रण देतो. भारतात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम असली, तरी युरोपात तृणधान्यांच्या खाद्य पदार्थांसाठी ती एकूण ४ आणि 'बी-१' प्रकारासाठी २ मायक्रोग्रॅम आहे. माल थेट जमिनीवर न वाळवता ताडपत्रीवर वाळवावा.

४. गोदाम. जुना व नवा माल कधीही एकत्र ठेवू नये. जुनी पोती पुन्हा वापरू नयेत. भिंतीपासून अंतर राखून व लाकडी फळ्यांवर थप्प्या लावाव्यात, फटी बुजवाव्यात, झाडलोटीचा भुसा त्याच दिवशी जाळावा किंवा दूर पुरावा. कीड शोधण्यासाठी सापळे लावून आठवड्याला नोंद घ्यावी. घरच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालणे योग्य आहे. निर्यातीच्या मालात तो बाह्य पदार्थ ठरतो. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची घरोघरची सवय तर या साखळीत पूर्णपणे वर्ज्य समजावी.

५. अवशेष न ठेवणारे उपाय. हवाबंद पिशव्यांत धान्य व कीड यांच्या श्वसनामुळे प्राणवायू घटत जातो. तो ५ टक्क्यांच्या खाली गेला की किडी तग धरू शकत नाहीत. कार्बन डायऑक्साइड भरून किंवा निर्वात करून बंद केलेली पाकिटे याच तत्त्वावर काम करतात. ५० अंश सेल्सिअस तापमान मालाच्या गाभ्यापर्यंत दिवसभर टिकले तर बहुतेक साठवण किडींच्या सर्व अवस्था मरतात. लहान खेपांसाठी उणे १८ अंशांवर काही दिवस ठेवणे हाही पर्याय आहे. लहान बाजारपेठेच्या खेपा लहान असतात, म्हणून मोठ्या व्यापाराला न परवडणारे हे उपाय येथे परवडू शकतात.

६. फॉस्फिनची धुरी. अॅल्युमिनिअम फॉस्फाइडचा वापर भारतात निर्बंधित आहे. शेतकऱ्याने घरच्या घरी वापरावयाचे हे औषध नव्हे. ते जीवघेणे आहे. परवानाधारक यंत्रणेकडूनच, वायुरोधक आवरणाखाली, किमान पाच ते सात दिवस धुरी द्यावी आणि नंतर माल पूर्ण हवेशीर करावा. गळक्या आवरणाखाली दिलेली अर्धवट धुरी कीड मारत नाही, उलट प्रतिकारक्षम पिढी तयार करते. तांबडा भुंगेरा व दाणे पोखरणारा लहान भुंगेरा यांच्यात अशी प्रतिकारशक्ती भारतात आढळलेली आहे.

७. वेष्टन व कंटेनर. शिवलेल्या देखण्या कापडी पिशवीत शिवणीची भोके किडीला पुरतात. आत जोडबंद प्लास्टिकचे अस्तर असावे. विणलेले प्लास्टिक पोते कीड थांबवत नाही. पाकिटाच्या प्रत्येक जोडाची पाहणी करावी. लाकडी पॅलेट आंतरराष्ट्रीय मानकानुसार गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले व शिक्का असलेलेच घ्यावेत. कंटेनर आधी झाडून, कोपरे विजेरीने पाहून मगच भरावा. उष्ण बंदरातून थंड बंदरात जाताना कंटेनरच्या छताला पाणी सुटते. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगल्याने माल भिजत नाही.

पाकिटावरील मजकूर

कीड व अवशेष या दोन्ही कसोट्या पार केलेला माल लेबलवर अडू शकतो. युरोपीय नियमानुसार पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, 'या तारखेपूर्वी वापरावे' ही नोंद, १०० ग्रॅममागील पोषणमूल्ये आणि युरोपीय संघातील आयातदाराचे नाव व पत्ता ग्राहकाला समजेल अशा भाषेत हवे. आयर्लंडमध्ये इंग्रजी चालते. स्लोव्हेनिया किंवा लाटव्हियासारख्या लहान देशांत तेथील भाषेतील पट्टी चिकटवावी लागते. गहू, तीळ, मोहरी, शेंगदाणे, दूध यांसह १४ अॅलर्जीकारक घटक ठळक दाखवणे बंधनकारक आहे. हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे येथे विसरून चालत नाही. दूध किंवा तूप घातलेल्या पदार्थांना वेगळे व कडक नियम आहेत. पहिल्या खेपेत ते टाळलेलेच बरे.

विस्तार कार्यकर्त्यांची जबाबदारी

चाळीस शेतकऱ्यांचा भात एकत्र करून एक खेप तयार होते. त्यांपैकी एकाने लोंबीच्या वेळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून केलेली एक फवारणी, किंवा एकाने जुन्या पोत्यात भरलेला माल, उरलेल्या एकोणचाळीस जणांचे कष्ट वाया घालवू शकतो. म्हणून गट बांधताना सर्वांत मोठा शेतकरी शोधण्यापेक्षा नोंदी नीट ठेवणारा शेतकरी शोधावा. नागरी दुबराज, जिराफूल, भंडाऱ्याचा चिन्नोर यांसारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या सुवासिक तांदळांना परदेशातील मराठी व छत्तीसगडी घरांत मागणी निर्माण होऊ शकते. मात्र नावाचा सुवास पहिल्या पाकिटापुरता असतो. दुसरे पाकीट विकले जाते ते पहिले स्वच्छ निघाल्यामुळे.

मोहन नगरच्या मामांना शेवटी हेच सांगितले की, किडा कुठला हे निश्चित सांगता येणार नाही. परंतु पुढच्या वेळी तो आपला नव्हता असे पुराव्यानिशी सांगता येईल, एवढी तयारी आपण करू शकतो. त्यांच्या ओळखीच्या गटाने या खरिपात सात शेते निवडून फवारणी नोंदवह्या सुरू केल्या आहेत आणि हवाबंद पिशव्यांची चाचणी मांडली आहे. माल पाठवण्यापूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत अवशेष तपासणी करावयाची आणि प्रत्येक लॉटची काही पाकिटे सहा महिने येथेच उबदार खोलीत राखून ठेवावयाची, असेही ठरले आहे. तिकडच्या मांडणीवर जे घडेल, ते या खोलीत आधी दिसेल.